पोटाचा नंबर

आमच्या खालांचे पित्ताशय दुर्बिणीने काढले. तिसऱ्या दिवशी घरी आल्या, आणि आठवडा होत नाही तोच पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना. पुन्हा भरती. नाकातून नळी, सलाईन, चार दिवस तोंडात पाण्याचा थेंब नाही. आतडी मोकळी झाली, अल्लाहचे शुक्र. पण विमा कंपनीने या दुसऱ्या भरतीचे बिल अडवले.

आम्ही डिस्चार्ज कार्ड काढून पाहिले. निदान लिहिले होते ‘पोटदुखी’, पुढे आर १०.४. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर गुणांऐवजी ‘रडत होता’ एवढेच लिहावे, तसला प्रकार!

हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोग-वर्गीकरणातले, म्हणजे आयसीडीतले. त्याची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. तिच्यात पचनसंस्थेला ‘के’ अक्षर आहे. पित्ताचे खडे के ८०. ऑपरेशननंतर पचनसंस्थेत होणाऱ्या त्रासाला के ९१ हे वेगळे घर. त्यात के ९१.३ म्हणजे ऑपरेशननंतर आतडे अडणे. टाक्यांत पू झाला तर तो मात्र टी ८१.४ मध्ये जातो. आणि ‘आर’ म्हणजे नुसते लक्षण, कारण ठरलेले नसते तेव्हाचे. खालांचे कारण तर ठरले होते. एक्स-रे फाइलीतच होता.

आम्ही डॉक्टरसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “सर, गुंतागुंत असा शब्द लिहिला की नातेवाईक आमच्या अंगावर येतात.” भीती खोटी नाही. पण असा त्रास निष्णात हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही होतो, कोड म्हणजे गुन्ह्याचे कलम नव्हे. आणि कोड घालणारा कारकून स्वतःच्या अंदाजाने संबंध जोडू शकत नाही. त्रास ऑपरेशनमुळे झाला, हे डॉक्टरांनीच शब्दांत लिहावे लागते. नुसते ‘ऑपरेशननंतर’ लिहून भागत नाही. खोटे काही लिहा, असे आम्ही म्हटलेच नाही. जे घडले तेवढे लिहा, म्हटले.

त्यांनी जुन्या नोंदी पाहिल्या, दुरुस्ती करून सही-शिक्का दिला. कार्ड हातात पडले त्याच दिवशी, बिलाच्या गडबडीत, आम्ही ते वाचले असते तर हा हेलपाटा वाचला असता. वर्गात मुलांना ‘पेपर देण्याआधी एकदा वाचा’ म्हणून ओरडतो आम्हीच.

दावा परत पाठवला आहे, उत्तर यायचे आहे. खाला रोज फोनवर विचारतात, “बेटा, आमच्या पोटाचा नंबर कोणता म्हणालात?”