खालिद जमील यांचा बायोडेटा तुमच्या काउंटरवर आला तर?

कामाला आलेल्या माणसाने आधी चार-पाच दुकानं बदललेली दिसली की आपण लगेच म्हणतो, "हा काय टिकत नाही." मला हे पटत नाही. का ते एका फुटबॉल कोचवरून सांगतो. (हो, क्रिकेट नाही, फुटबॉल!)

खालिद जमील. जन्म कुवेतचा, खेळले मुंबईत. 2009 पासून मुंबई एफसीचे कोच. मोठे स्टार नाहीत, पैसा बेताचा, तरी सात वर्षं टीम लीगमध्ये टिकवून धरली. 2016 ला क्लबने त्यांना सोडलं, तर गडी थेट मिझोरमला, आयझॉल एफसीकडे! हा क्लब आधीच्या सीझनला खालच्या लीगमध्ये घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत जागा मिळाली. आणि 2017 ला तोच आय-लीगचा चॅम्पियन. ईस्ट बंगाल, मोहन बागान, सगळे मागे. मुंबई एफसी? त्याच सीझनला तळाला.

पुढे ईस्ट बंगाल, मोहन बागान. कोलकात्यात विशेष काही जमलं नाही, हेही खरं. मग नॉर्थईस्ट युनायटेड: 2021 ला सीझन अर्ध्यावर असताना हंगामी कोच केलं, टीम सेमीफायनलला नेली. नंतर जमशेदपूर. ऑगस्ट 2025 मध्ये भारताचे कोच झाले, 13 वर्षांनी या खुर्चीत भारतीय माणूस बसला.

आता हा बायोडेटा नुसता वरवर बघितला तर काय दिसतं? आठ-नऊ वर्षांत पाच ठिकाणं. आपण बाजूला ठेवला असता की नाही, खरं सांगा! म्हणून मुलाखतीत "किती दुकानं बदलली" यापेक्षा हे विचारा: तुम्ही गेलात तेव्हा तिथं काय होतं, आणि निघालात तेव्हा काय होतं? शक्य असेल तर जुन्या मालकाला फोन लावा. चाटी गल्लीत तर एका फोनवर सगळं कळतं.

कोणी म्हणेल, अहो, पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून 1-2 हरले, एशियन कप हुकला. बरोबर आहे. पण ते येण्याआधीच दोन मॅचमध्ये भारताचा एकच पॉइंट होता. गड्ड्याच्या जत्रेच्या ऐन गर्दीत नवा मॅनेजर गल्ल्यावर बसवायचा आणि संक्रांतीला हिशोब मागायचा, तसलं झालं हे. त्याआधी सप्टेंबरमध्ये, मोहन बागानने खेळाडू सोडले नसताना, याच माणसाने ओमानला पेनल्टीवर हरवून सीएएफए नेशन्स कपमध्ये तिसरा नंबर आणला होता. मी तरी त्यांना अजून वेळ दिला असता.