वेगाला आखाडा हवा

संध्याकाळी खडेबाजारातून चालताना मागून सायलेन्सर काढलेली मोटरसायकल आली की आपण शहारून बाजूला होतो आणि मनात म्हणतो, ‘वाया गेलेली पोरं!’ मीही तसंच म्हणत असे. परंतु माझा एक बालमित्र, ज्याला नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं कळतं, हायवेवर पैजेपायी पडला आणि त्याचा एक पाय कायमचा आखूड झाला. तेव्हापासून ‘वाया गेलेली’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

याच संदर्भात एका परदेशी माणसाची हकिकत सांगावीशी वाटते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात रोम नावाचं एक गाव आहे. नाव मोठं असलं तरी वस्ती आपल्या निपाणीहून कमी. तिथला रिची इव्हान्स हा शेतकऱ्याचा मुलगा. सोळाव्या वर्षी शेत सोडून तो गॅरेजात कामाला लागला. सुरुवातीला तोही रस्त्यावरच शर्यती लावी. पण जवळच शर्यतीचं मैदान होतं. तिथं गाडी घेऊन ये, असं कुणीतरी सुचवलं, आणि १९६२ साली तो त्या मैदानात उतरला.

‘मॉडिफाइड’ शर्यतीतली गाडी म्हणजे बाजारातलीच साधी गाडी. सांगाडा, इंजिन, चाकं सगळं गॅरेजात नव्यानं घडवलेलं. धाव बहुधा अर्ध्या मैलाच्या किंवा त्याहून लहान गोल वाटेवर. तिथं पैशाइतकंच हाताचं कसब लागतं. नारिंगी रंगाची ६१ क्रमांकाची गाडी घेऊन इव्हान्सनं १९७३ साली आणि पुढे १९७८ ते १९८५ अशी सलग आठ वर्षं, म्हणजे एकूण नऊ वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. १९७९ साली तर साठ शर्यतींपैकी सदतीस त्यानं जिंकल्या. मधली अजिंक्यपदं कुणाची? त्याच गावच्या जेरी कुकची! १९७१ पासून पंधरा वर्षं हा मान एका लहानशा गावाबाहेर गेलाच नाही.

काही प्राध्यापक विचारतील, ‘या खेळात माणसं मरतात, त्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे. खुद्द इव्हान्स २४ ऑक्टोबर १९८५ रोजी मार्टिन्सव्हिलच्या मैदानावर सराव करताना भिंतीवर आदळून गेला. त्या वर्षीचं अजिंक्यपद त्यानं आधीच निश्चित केलं होतं. हे मी लपवत नाही. सांगाडा फार ताठ असला की धडक तो पोटात घेत नाही, ती चालकाच्या अंगात उतरते. हा धडा त्या खेळाला फार महाग पडला. पण मैदानावर निदान नियम असतात, तपासणी असते, डॉक्टर असतो, आणि शाळेतून घरी निघालेलं पोर मध्ये येत नाही. आपल्या हायवेवर यातलं काय आहे?

आपल्या भागाला हे नवं नाही. अंगातली रग जिरवायला आपल्या वाडवडिलांनी तांबड्या मातीचा आखाडा काढला. मारामारी करणाऱ्या पोराला वस्तादानं लंगोट दिला, त्याला हाकलून दिलं नाही. शेजारी कोल्हापुरात मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक उभा राहिला, तिथं राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या. मग उद्यमबागेतल्या लेथवर जगाला पुरवण्याजोगे सुटे भाग काढणाऱ्या बेळगावाला एक साधं बंदिस्त मैदान का जमू नये? आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी गॅरेजातल्या पोरांना सोबत घेऊन वर्षातून एक गाडी घडवावी. पुस्तकातलं गणित आणि हातातलं कसब एकमेकांना भेटतील. आज या दोघांत एका रस्त्याचं अंतर आहे, पण तो रस्ता कुणी ओलांडत नाही.

इव्हान्सला २०१२ साली त्या खेळाच्या सन्मान-दालनात स्थान मिळालं. ही हकिकत मी माझ्या मित्राला गॅरेजातल्या बाकावर बसून सांगितली. हातातला पाना खाली न ठेवता त्यानं एवढंच विचारलं, “तेच्या गावात मैदान होतं, न्हवं?”

मी ‘हो’ म्हणालो. तो पुन्हा कामाला लागला. त्याला द्यायला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचं आहे.