कोड बरोबर, मग एरर का?

डोंबिवली फास्टमध्ये उभ्या उभ्या सीनियरच्या वेबसाइटवरून पायथॉनचा प्रोग्राम घेतलात, लॅबमध्ये पेस्ट केलात आणि पहिल्याच ओळीला एरर? लगेच ‘आपल्याला कोडिंग जमत नाही’ असं ठरवू नका. आधी अवतरणचिन्हं बघा. वर्डप्रेस साध्या परिच्छेदातली सरळ अवतरणचिन्हं वळणदार करून दाखवतं. दिसायला छान, पण पायथॉनला ती कळतच नाहीत. ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागाही ब्राउझर गिळतो, आणि पायथॉनचं तर सगळं गणित त्या जागांवरच!

ठाणे-कल्याणकडच्या कॉलेजांतल्या क्लबच्या, नोट्सच्या वेबसाइट्स आपल्यापैकीच कुणीतरी बनवतं. मग जबाबदारीही आपलीच ना? वर्डप्रेसच्या एडिटरमध्ये डिसेंबर २०१८ पासून ‘कोड’ नावाचा ब्लॉक आहे. प्रोग्राम त्यातच टाका. चिन्हं आणि जागा जशाच्या तशा राहतात. स्क्रीनशॉटची पळवाट नको. तो कॉपी होत नाही आणि अंध मित्राचा स्क्रीन रीडर त्यातला कोड नीट वाचू शकत नाही.

थीम, रंग, फॉन्ट नंतर निवडा. पब्लिश केल्यावर आपलाच कोड पेजवरून कॉपी करून एकदा चालवा. दोन मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्यानं एखाद्या फर्स्ट इयरवाल्याचा आत्मविश्वास वाचतो.