तीन शिंगांचा पाहुणा

तीन-चार वर्षांचे नातवंड चित्रांचे पुस्तक घेऊन येते, तीन शिंगांच्या प्राण्यावर बोट ठेवते आणि विचारते, "आजी, हा कोण?" आपल्या शालेय पुस्तकांत हा प्राणी क्वचितच भेटला असेल, त्यामुळे "आईला विचार" म्हणून आपण सुटका करून घेतो. वाचकहो, तसे करू नये.

याचे नाव ट्रायसेराटॉप्स. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो 'तीन शिंगांचा चेहरा'. टाळ्या वाजवत नावाचे तुकडे पाडावेत: ट्राय-सेरा-टॉप्स. त्याची लांबी ८ ते ९ मीटर होती. आकडा मुलाला कळत नाही. म्हणून बोट धरून अंगणात तेवढे अंतर चालावे आणि दोघांची पावले मोजावीत. आपलेही चालणे होते. हा प्राणी पोपटासारख्या चोचीने झाडपाला खुडत असे. त्याच्या जबड्यांत शेकडो दात होते आणि झिजलेल्यांच्या जागी नवे येत. "आजी, तुझे का येत नाहीत?" असा प्रश्न आलाच, तर कवळी दाखवून मनमोकळे हसावे.

एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर संकोच कशाला? १८८७ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरजवळ याची शिंगे सापडली, तेव्हा ओथनिएल मार्श या नामवंत शास्त्रज्ञाला ती तिकडच्या गव्याची, म्हणजे बायसनची वाटली. पुढे अधिक अवशेष मिळाले आणि १८८९ मध्ये त्यांनीच ट्रायसेराटॉप्स हे नाव दिले. "मला माहीत नाही, आपण मिळून शोधू" हे उत्तर मुलाला फार आवडते.

अवघड प्रश्न शेवटी येतो: "तो आता कुठे आहे?" घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर या प्रश्नामागे ती व्यक्तीही असू शकते. "झोपला" किंवा "गावाला गेला" असे सांगू नये. अशा उत्तराने मूल झोपेला किंवा प्रवासालाच भिऊ लागते. शांतपणे सांगावे, "ते सगळे फार फार पूर्वी मेले. ते परत येणार नाहीत. पण त्यांची हाडे दगडांत राहिली, म्हणून आपल्याला ते कळले."

"आजी, तूही मरशील?" असे विचारले, तर हात हातात घ्यावा. "हो, कधीतरी सगळेच मरतात. आज मात्र मी तुझ्याजवळ आहे." मग पुस्तकाचे पुढचे पान उलटावे.