काट्याची पावती खोटं बोलत नाही, अर्धंच बोलते

चालक, क्लीनर, हमाल, गाडीमालक, माल पाठवणारे व्यापारी आणि घाटाखाली राहणाऱ्या सर्वांसाठी

परवा आपल्या घाटाच्या पायथ्याशी खताची गाडी उलटली. क्लीनर पोरगा गेला. चालक कोठडीत आहे. पंचनाम्याला काट्याची पावती जोडली आहे : १८ टन ४०० किलो. सहा चाकी गाडीला मुभा साडेअठरा टनांची. म्हणजे कागद चोख, मालक चोख, माल पाठवणारा चोख. चुकला तो फक्त पगारावर गाडी हाकणारा. हौद्यात माल कुठे रचला होता, पुढच्या चाकांवर किती वजन होतं, मागच्यांवर किती, याचा पंचनाम्यात पत्ता नाही. कुणी विचारलंच नाही.

ओव्हरलोड वाईट असतो हे तुम्हाला शिकवायला हे पत्रक काढलेलं नाही. आमचं भांडण त्या एका आकड्याशी आहे. गाडी काट्यावर चढवली, एकूण वजन पासिंगच्या आत बसलं, फाळका लावला, सोडली! ही सवय आम्हाला ओव्हरलोडपेक्षाही घातक वाटते, कारण ओव्हरलोडवाला निदान चोरून जातो. हा पावती मिरवत जातो.

कायदा एका आकड्यावर थांबत नाही. २०१८ च्या जुलैतली केंद्राची अधिसूचना एक्सलनिहाय बोलते : पुढच्या दोन टायरांच्या एक्सलला ७ टन, मागच्या चार टायरांच्या एक्सलला साडेअकरा. साडेअठरा ही त्यांची बेरीज. आपण बेरीज तेवढी पाठ केली.

आता शांतपणे हिशेब करू. समजा, रिकामी गाडी साडेसहा टनांची, पुढे ३.३, मागे ३.२. दोन एक्सलमध्ये पाच मीटर अंतर. माल १२ टन, म्हणजे पन्नास किलोची २४० पोती. या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या एक मीटर पुढे आला, तर मालाचा पाचवा हिस्सा, २.४ टन, पुढे जातो आणि ९.६ टन मागे. बेरीज करा : पुढे ५.७, मागे १२.८. एकूण बरोबर साडेअठरा. पावती हसते आहे, आणि मागचा एक्सल १३०० किलोंनी ओव्हरलोड आहे.

उपाय काय? एकही पोतं उतरवायचं नाही. फाळक्याजवळची बत्तीस-तेहतीस पोती चार मीटर पुढे, केबिनच्या पाठीशी न्यायची. झालं. बैलगाडी उलाळ झाली, जू मानेवरून वर उठायला लागलं, की न शिकलेला शेतकरीसुद्धा पोतं पुढे सरकवतो. त्याला काटा लागत नाही. पंचवीस-तीस लाखांच्या गाडीत मात्र स्टेअरिंग हलकं लागतंय असं चालक म्हणाला, तर त्याला ऐकवतात, ‘बरं आहे ना, हात दुखणार नाहीत.’ उतारावर वळणाच्या आधी पुढची चाकं जमीन धरत नाहीत तेव्हा काय होतं, हे असं म्हणणाऱ्याने एकदा केबिनमध्ये बसून बघावं.

वाटेत दोन ठिकाणी माल उतरवायचा असेल तर गणित आणखी फिरतं. मागच्या एक्सलच्या पलीकडे लटकणारा माल गाडीचं तोंड उचलून धरत असतो. तो उतरला की एकूण वजन कमी होतं आणि पुढच्या एक्सलवरचं वाढतं. निघताना घेतलेली पावती इथे कुणाच्या कामाची?

‘रस्ता ठेकेदाराने खाल्ला,’ हे ठरलेलं उत्तर. खाल्ला असेल, त्याचं वेगळं पत्रक काढू. पण अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक गोष्ट मोजली गेली : एक्सलचं वजन वाढतं त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. दुप्पट वजन, सोळापट झीज. आपल्या उदाहरणातला मागचा एक्सल फक्त ११ टक्क्यांनी जास्त आहे; झीज दीडपट. आणि २०१८ मध्ये मागच्या एक्सलची मुभा १०.२ वरून ११.५ टन झाली, तेव्हा एका सहीने कायदेशीर झीजच ६० टक्क्यांनी वाढली. त्या वाढीचे पेढे वाटणारेच आज खड्ड्यांवर भाषणं देतात.

‘भाडं परवडत नाही.’ अहो, माल तेवढाच जाणार आहे! ‘हमाल ऐकत नाहीत.’ हमालाला पोत्यामागे पैसे मिळतात. चार मीटर आत चालायचे देता का? ‘चालकाने बघून घ्यावं.’ हे सगळ्यात संतापजनक. गाडी ताब्यात मिळते तेव्हा ताडपत्री बांधलेली असते. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ चालवणाऱ्याइतकंच चालवायला लावणाऱ्यालाही धरतं : वीस हजार दंड, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. कलम ११३ त्यातल्या काही गुन्ह्यांबाबत सांगतं की चालक मालक नसेल, तर मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने गुन्हा घडला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ही कलमं कोठडीच्या दारात कुणालाच आठवत नाहीत.

‘वेळ कुठे आहे?’ तीन वजनं घ्यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं पलीकडे उतरवून फक्त मागची. दर वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, ब्रेक सोडलेला. दाबलेला ब्रेक आकडा फिरवतो. पहिलं आणि तिसरं वजन मिळून दुसऱ्याच्या जवळपास यायला हवं. येत नसेल तर काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत नाही, ती काटामालकाने करून घ्यावी.

चालकांनो, एक्सलचे आकडे हातात पडल्याशिवाय गाडी सुरू करू नका. काटेवाला म्हणेल, छापील पावतीत तसा रकाना नाही. त्याला म्हणावं, मागची बाजू कोरी आहे, तिथे लिही आणि सही कर.