कसब हातात आहे, पण ते सांगणार कोण?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक मत फार जुनं आहे आणि ते अभिमानाने सांगितलं जातं: कारागिराने बोलू नये, त्याच्या जॉबने बोलावं. नोकरीला येणाऱ्या पोराने स्वतःबद्दल चार वाक्यं तयार करून यावीत असं म्हटलं, की मुरलेली माणसं नाक मुरडतात. ‘मायक्रोमीटर हातात दिला की कळतंय की सगळं!’

कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या छोट्या शेडमध्ये हे मत खरं होतं. तिथे मालक स्वतः मशीनवर उभा असायचा. पोरगं कुणाच्या तरी ओळखीने यायचं, शेजारी राबायचं, आणि त्याचा हात आपोआप दिसायचा. आज शिरोलीतल्या मोठ्या फौंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये आधी गेट, मग एचआर, बऱ्याचदा मध्ये कंत्राटदार. मायक्रोमीटर हातात येईपर्यंत जी माणसं भेटतात, त्यांतल्या अनेकांना ड्रॉइंग वाचता येत नाही. तिथे गप्प उभ्या राहिलेल्या मुलाचं कसब कुणाला दिसणार? आणि गप्प राहणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. ज्याचा मामा आत सुपरवायझर आहे, त्याच्या वतीने मामा बोलतो. चंदगड-आजऱ्याकडून आयटीआय करून आलेल्या, घरातून पहिल्यांदाच कारखान्याची पायरी चढणाऱ्या मुलीच्या वतीने कोण बोलणार? ‘कामच बोलेल’ म्हणणारे नकळत वशिल्याची बाजू घेतात, हा माझा त्यांच्यावरचा खरा आक्षेप आहे.

त्यांचा दुसरा आक्षेप असा, की पाठ केलेलं बोलणं म्हणजे थापेबाजी. आक्षेप घेणाऱ्यांनी जे ऐकलंय, ते मीही ऐकलंय: ‘मायसेल्फ अमुक, आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल.’ रांगेतली सगळीच मुलं हेच म्हणतात, म्हणून त्यातून कुणाचीच ओळख होत नाही. हा प्रकार बंद व्हावा, यात वाद नाही. पण त्याच्या जागी हे ऐकून बघा:

‘सर, माझा ट्रेड टर्नर. अप्रेंटिसशिप झाल्यावर वर्षभर सीएनसी लेथवर ब्रेक ड्रम केले. सेटिंग आणि ऑफसेट मी स्वतः देतो. बोअर लहान यायला लागला, तर आधी इन्सर्ट बघतो, मग ऑफसेटला हात लावतो. प्रोग्राम पहिल्यापासून लिहायला अजून येत नाही, ते शिकायचं आहे.’

यात स्वतःचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. ट्रेड, मशीन, पार्ट, अडचण आल्यावर तो काय करतो, आणि काय येत नाही. शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण त्याने आधीच्या सगळ्या वाक्यांवर विश्वास बसतो. मोल्डिंगवरचा मुलगा असेल तर त्याने सँडमधला ओलावा वाढल्यावर ब्लो होल कसे आले आणि ते कसे ओळखले, तेवढं सांगावं.

‘बोलेल त्याची बोरं विकतात, मग थापाडेच पुढे जाणार,’ ही भीतीही खरी आहे. पण थापाड्याला हार्डवर्किंग म्हणणं सोपं जातं, ऑफसेटबद्दल बोलणं जड जातं. पुढचा प्रश्न आला, की तो अडकतो. नेमकं बोलण्याची रीत पडली तर नुकसान त्याचंच आहे.

सराव मात्र मोठ्याने बोलूनच करावा. वहीत लिहिलेलं वाक्य तोंडातून निघताना अडखळतं. आधी ज्याला मशीन ठाऊक नाही अशा घरच्या माणसाला ऐकवावं, म्हणजे एचआरची तयारी होते. मग एखाद्या जुन्या ऑपरेटरला ऐकवावं. तो नेमका उलटा प्रश्न विचारेल. पाठांतर शब्दांचं नको, मुद्द्यांच्या क्रमाचं असावं.

आयटीआयनेही हे वर्गात नव्हे, वर्कशॉपमध्ये शिकवावं, प्रत्येकाला त्याच्या मशीनशेजारी उभं करून. आणि शिरोलीतल्या कारखानदारांनी पहिला प्रश्न मराठीत विचारावा. ज्या शॉप फ्लोअरवर दिवसभर मराठीत काम चालतं, तिथे प्रवेशाची परीक्षा मोडक्या इंग्रजीत घेऊन आपण चांगले हात गेटवरूनच परत पाठवतो.