पहिले पीक काश्मीरचे, दुसरे आपले

दिवाळीच्या सुमारास बंदिस्त खोलीतल्या केशराची छायाचित्रे मोबाइलवर फिरू लागतात. रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये जांभळी फुले आणि खाली खोलीचे चौरस फूट व केशराचा बाजारभाव. त्या मजकुरात कंदांचे वजन क्वचितच असते. दोन वर्षांनी तेच कंद कुठे गेले, हे तर कोणीच सांगत नाही. पुणे, नाशिक, नगर भागांतून आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे मात्र नेमकी तिथूनच सुरू होतात: पहिल्या वर्षी फुले आली, दुसऱ्या वर्षी ट्रे हिरवेच राहिले. खोली तीच, यंत्रे तीच. मग उतारा का घसरला?

उत्तर शोधण्याआधी मोजण्याचे एकक बदलावे लागेल. केशराचा उतारा चौरस फुटावर काढता येत नाही. रॅकचे पाच मजले करा की सात, फूल कंदातल्या साठ्यावरच येते. जागेचा संबंध भाड्याशी आणि विजेच्या बिलाशी आहे. केशर गुणसूत्रांचे तीन संच असलेले, वांझ पीक आहे. त्याला बी धरत नाही, कंदापासूनच कंद होतो. त्यामुळे उसाप्रमाणे किंवा हळदीप्रमाणे येथेही सगळा खेळ बेण्याचा आहे, आणि अंदाजही बेण्यावरूनच बांधला पाहिजे.

तो बांधायचा कसा? आठ ग्रॅमपेक्षा हलका कंद सहसा फूल देत नाही. दहा ग्रॅमच्या आसपासचा कंद साधारण एक, तर पंधरा ग्रॅम व त्यापुढचा दोन किंवा अधिक फुले देतो. एका फुलात लाल कुक्षीचे तीन धागे असतात आणि एक ग्रॅम वाळलेल्या केशराला सुमारे दीडशे फुले लागतात. आता शंभर किलो कंदांचे उदाहरण घेऊ. सरसकट हिशेब करणारा म्हणतो, दहा ग्रॅमचा एक म्हणजे दहा हजार कंद, प्रत्येकी दोन फुले, वीस हजार फुले, १३३ ग्रॅम केशर. तेच पोते प्रतवारी करून पाहू. समजा त्यात २० किलो कंद सहा ग्रॅमचे निघाले. ती तीन हजारांवर संख्या फुलांच्या दृष्टीने शून्य. ५० किलो दहा ग्रॅमचे, म्हणजे पाच हजार कंद आणि पाच हजार फुले. ३० किलो पंधरा ग्रॅमचे, म्हणजे दोन हजार कंद आणि चार हजार फुले. एकूण नऊ हजार. कुज, मार आणि करपलेल्या कळ्या यांपोटी दहा टक्के वजा केले की ८,१०० फुले, म्हणजे ५४ ग्रॅम. पोते तेच, पण अपेक्षा निम्म्याहूनही खाली आली. कर्जाचा हप्ता कोणत्या आकड्यावर बेतायचा, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून कंद घेताना पोत्याच्या सरासरीवर विसंबू नका. प्रत्येक पोत्यातून न निवडता शंभर कंद उचला, एकेक काट्यावर ठेवा, तीन वर्गांत लिहून काढा. हा पहिला अंदाज. ट्रेमधून कोंब वर आले की काही ट्रे चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्यांतल्या कळ्या मोजाव्यात, हा दुसरा. पहिली हजार फुले खुडून, वाळवून जे वजन भरेल त्यावरून दीडशेच्या जागी तुमच्या खोलीचा स्वतःचा आकडा बसवा; हा तिसरा. तिन्ही अंदाज तारखेसह वहीत राहिले, तर कोणत्या टप्प्यावर तूट पडली ते पुढच्या वर्षी बोट ठेवून दाखवता येते.

आता घसरणीच्या मुळाशी जाऊ. काश्मिरातल्या पांपोरच्या करेव्यांवर, म्हणजे तिथल्या पठारांवर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुले येतात, त्यानंतर पाती वाढतात आणि वसंत सरेपर्यंत अन्न तयार करत राहतात. मूळ कंद सुरकुतून संपतो, त्याच्या माथ्यावर नवे कंद भरतात. पाती वाळल्यावर ते उन्हाळाभर निजल्यासारखे दिसतात. पण फुलाची कळी त्याच काळात आत धरते. ऑगस्टच्या सुमारास आपण ते विकत घेतो, तेव्हा वजन ठरलेले असते आणि कळ्याही बहुतांशी ठरत आलेल्या असतात. ट्रेमध्ये माती नाही, पाणी जवळजवळ नाही; गारवा आणि दमट हवा देऊन आपण फक्त ते फूल बाहेर येऊ देतो. फुलोऱ्याच्या खोलीतले रंगीत दिवे छायाचित्राला शोभा देतात, पण फुलाचे अन्न कंदातून येते. पहिल्या वर्षीच्या ५४ ग्रॅममागे काश्मिरातल्या एका शेतकऱ्याचा वसंत आहे. तुमचे शेतीकौशल्य त्या फुलानंतर कसाला लागते.

उतारा वाढवण्याच्या जागाही यावरून स्पष्ट होतात. पहिली जागा साठवणीची. स्पेनमधील संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कळी धरण्यासाठी २३ ते २७ अंश सेल्सिअस हे तापमान सर्वांत अनुकूल ठरले. कंद या तापमानात पन्नासहून अधिक दिवस ठेवावे लागतात. दीडशे दिवसांच्या पुढे मात्र धरलेल्या कळ्या गळतात. ३० अंशांवर साठवलेल्या कंदांत कळ्या कमी धरल्या व काही जळाल्या, ९ अंशांवर धरल्याच नाहीत. कळी धरल्यावर फूल बाहेर येण्यासाठी तापमान १७ अंशांपर्यंत उतरवावे लागते. याचे दोन व्यावहारिक अर्थ आहेत. शीतगृहात बटाट्याशेजारी ठेवलेला कंद टिकेल, फुलणार नाही. आणि भर उन्हात बंद ट्रकमधून आलेला कंद वजनाला भरेल, पण कळी आधीच गमावून बसलेला असू शकेल. वाहतुकीचे तापमान नोंदवणारे छोटे यंत्र पोत्यात टाकायला विक्रेत्याला सांगा. तो का-कू करू लागला, तर त्यातच उत्तर आहे.

दुसरी, आणि सर्वांत मोठी जागा, नोव्हेंबर ते एप्रिलची. फुले खुडली की अनेकांचा उत्साह ओसरतो आणि कंद कुंडीत, गोणीत, परसात कुठेही ढकलले जातात. पुढच्या वर्षीचा उतारा तेव्हा ठरत असतो. पुण्या-नाशिकची डिसेंबर-जानेवारीची थंडी पात्यांना मानवते. अडचण फेब्रुवारीअखेरीस सुरू होते. मार्चच्या उन्हात पाती लवकर पिवळी पडतात, कंद भरण्याचे दिवस तुटतात आणि हाती बारीक पिल्ले उरतात. लागवड लांबवू नये. फुलोरा संपताच कंद निचऱ्याच्या मातीत गेला पाहिजे, म्हणजे थंडीचा एकही आठवडा फुकट जाणार नाही. फेब्रुवारीनंतर सावली-जाळी, सकाळचे पाणी आणि थंड वारा यांनी पाती जितके दिवस हिरवी राहतील, तितके वजन वाढेल.

पाती खोलीतच वाढवायची असतील, तर प्रकाशाचा हिशेब करा. पानांपाशी ३०० मायक्रोमोल तीव्रतेचा एलईडी दहा तास लावला, तर दिवसाला चौरस मीटरवर १०.८ मोल प्रकाश पडतो. पुण्यातले हिवाळी ऊन उघड्यावर तीस मोलांच्या वर जाते. आपल्याकडे फुकट मिळणारे ऊन सोडून वीज जाळण्याआधी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. आमच्या मते महाराष्ट्रातल्या बहुतेकांसाठी फुलोरा खोलीत आणि कंदवाढ उघड्यावर, हीच रचना परवडणारी आहे.

तिसरी जागा गर्दीची. एका कंदावर जितके कोंब, तितकी पिल्ले. साठा तेवढ्यांत वाटला जातो आणि आठ ग्रॅमची मर्यादा कोणीच गाठत नाही. बाजूचे कोंब खुडून एक-दोन जोमदार ठेवले आणि अंतर ढिले ठेवले, तर संख्या घटते पण फुलणारे कंद वाढतात. काढणीच्या वेळी मऊ, डागाळलेले कंद निष्ठुरपणे बाजूला काढा. कंदकुजीची बुरशी एका ट्रेवर थांबत नाही.

वजनाचा प्रामाणिकपणाही हवा. ताजे पाच ग्रॅम धागे वाळून साधारण एक ग्रॅम उरतो. धाग्यात ओल राहिली किंवा पिवळा देठ सोबत ठेवला की काट्यावर उतारा फुगतो आणि प्रयोगशाळेत उघडा पडतो. आयएसओ ३६३२ या मानकात अखंड धाग्यांची ओल १२ टक्क्यांपर्यंत चालते आणि पहिल्या श्रेणीसाठी रंगशक्ती किमान २०० लागते. हा दाखला नसेल, तर नुसत्या ग्रॅमचा आकडा अर्धवट आहे.

वहीत म्हणून दोन रकाने ठेवा. पहिल्यात वाळलेले केशर, दुसऱ्यात परत मिळालेले आठ ग्रॅमवरचे कंद. वरच्या उदाहरणात फुलणारे कंद ८० किलो होते. दर वर्षी त्यांतला पाऊण हिस्साच परत मिळाला, तर ८० चे ६०, मग ४५ आणि तिसऱ्या वर्षाअखेर ३४ किलो उरतात. असा उत्पादक शेती करत नसून दर पावसाळ्यात फुले विकत घेत आहे. परतावा एकाच्या वर गेला, तरच खोलीत गुंतवलेला पैसा वाढतो. रॅक वाढवण्याचा निर्णय या आकड्यावर घ्यावा. पहिल्या हंगामाच्या आनंदावर कधीच नाही.

पुढच्या अंकापासून आम्हीही एक नियम लावून घेत आहोत. केशराची यशोगाथा छापण्यापूर्वी आम्ही उत्पादकाकडे दुसऱ्या हंगामाचे दोन्ही रकाने मागू. ज्यांचा दुसरा रकाना घटलेला आहे, त्यांनीही तो जरूर पाठवावा, सोबत लागवडीची तारीख आणि पाती वाळल्याची तारीख लिहावी. कुठल्या तालुक्यात, कोणत्या उंचीवर, किती दिवस पाती हिरवी राहिली की कंद आठ ग्रॅम ओलांडतो, ही माहिती काश्मिरातून कोणी आपल्याला आयती देणार नाही. ती आपल्याच वह्यांतून जमवावी लागेल.